सासऱ्यांना झेपेल अशी वाट

माझे सासरे एंगेब्रेट फेब्रुवारीतल्या एका रविवारी स्की करताना झाडावर आदळले. कपाळावर टेंगूळ, नाकावर ओरखडा आणि दाढीत पाइनच्या दोन काड्या अशा थाटात ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले, कॉफीचा पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "ते झाड तिथं नव्हतं."

"कधी नव्हतं?" मी विचारलं.

"पूर्वी."

ते झाड मी चांगलं ओळखत होतो. दोघांनी हाताला हात लावून कवेत घ्यावं एवढा त्याचा बुंधा. सासऱ्यांच्या आजोबांच्या लग्नातही ते तिथंच उभं असणार. पण त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला, त्यातून एकतीस वर्षं डोंगरातल्या वस्त्यांवर स्कीवरून टपाल वाटलेल्या माणसाला, हे तोंडावर सांगणार कोण? मी मान डोलावून म्हणालो, "हल्ली फार झाडं लावतात."

इंगूननं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याकडे असं पाहिलं की मी साखर शोधायला फडताळाकडे वळलो. आमच्याकडे कॉफीत कोणीच साखर घेत नाही.

सासरे गेल्यावर तिनं मला खरं काय ते सांगितलं. बाबांच्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलं होतं. समोरचं दिसायचं, पण कडेचं दिसणं बंद होत चाललं होतं, नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणाले होते, हे हळूहळू वाढत जाणार. आणि ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही, असं बाबांनी तिच्याकडून वदवून घेतलं होतं.

"मग मला कशी सांगितलीस?"

"तू काय, 'कोणी' आहेस होय?" ती म्हणाली. सतरा वर्षांच्या संसारात यापेक्षा प्रेमळ आणि यापेक्षा अपमानकारक वाक्य मी ऐकलेलं नाही.

"मग त्यांची स्की बंद करायला हवी."

"तू सांग त्यांना."

इथं माझी एक अडचण होती, ती सांगायलाच हवी. मी नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या बर्गनचा. आमच्या बर्गनला आकाशातून जे काही पडतं ते बहुतेक पाणी असतं. लग्न करून मी इकडे आत डोंगरात आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि इथली पोरं चालण्याआधी स्की करतात. सपाटीवर मी कसाबसा निभावून नेत असे. उतार आला की मात्र माझ्या बुटाचा बंद सुटायचा. दर वेळी. मी वाकून तो बांधत बसायचो, सगळे पुढे गेले की स्की काढायचो आणि त्या खांद्यावर टाकून शिस्तीत चालत उतरायचो. ही युक्ती सतरा वर्षांत कोणाच्याही लक्षात आलेली नाही, अशी माझी समजूत होती.

तर अशा माणसानं स्कीवर आयुष्य काढलेल्या टपालवाल्याला "आता बस करा" म्हणायचं? इंगून ओट्याला टेकून उभी होती. "बंद नाही करायची," ती म्हणाली. "बंद केली तर ते खुर्चीत बसतील, आणि मग उठणारच नाहीत. दुसरी जागा शोध. त्यांना झेपेल अशी. आणि मुख्य म्हणजे, झेपेल म्हणून निवडली आहे हे त्यांना कळता कामा नये."

दर रविवारी आम्ही स्टूरहोग्दाच्या डोंगरावर जात असू. त्या वाटेवर एक उतार आहे, त्याला गावात 'पाद्रीबाबाची उडी' म्हणतात. फार वर्षांपूर्वी एक पाद्री तिथून प्रवचनाला निघाले ते थेट ओढ्यात पोचले म्हणे. तिथं झाडं दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. कडेचं न दिसणाऱ्या माणसासाठी याहून वाईट जागा नॉर्वेत शोधून सापडली नसती.

मला हवी होती सपाट, रुंद, बिनझाडांची जागा. अशी जागा मला माहीत होती: लांगवात्न. सहा किलोमीटर लांबीचं गोठलेलं तळं, टेबलासारखं. अडचण एकच. तळ्याच्या दक्षिण टोकाला, जिथून वाट सुरू होते, तिथं स्की क्लबनं एक हिरवी पाटी लावली होती आणि पाटीवर लोकरीची टोपी घातलेला ससा होता. म्हणजे शिकाऊ मुलांची वाट. सासऱ्यांना कडेचं दिसत नसलं तरी समोरचा ससा दिसला असता.

मी ठरवलं, सशाला वळसा घालायचा. उत्तर टोकाकडून सुरुवात करायची.

क्लबच्या कचेरीत खिडकीमागे एक विणकाम करणाऱ्या बाई होत्या. मी म्हणालो, "लांगवात्नवर उत्तरेकडून वाट कोरून हवी आहे. एका रविवारपुरती."

त्यांनी सुया न थांबवता एक कागद पुढे सरकवला. "योग्यता भरा. शिकाऊ, मध्यम की तरबेज?"

"तरबेज."

सुया थांबल्या. "तरबेज माणसाला तळ्यावर काय करायचंय?"

"तर मग मध्यम लिहा."

"मध्यम लोक स्टूरहोग्दाला जातात."

मी आवाज खाली आणून म्हणालो, "शिकाऊ."

"वय?"

"त्र्याहत्तर."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं. "बघा, वय काही आड येत नाही," त्या म्हणाल्या, आणि मला जाणवलं, त्या मलाच त्र्याहत्तरचा समजल्या. मी तेव्हा त्रेचाळीसचा होतो.

वाट कोरायचं यंत्र बर्फावरून न्यायचं तर बर्फ किती जाड आहे याचा दाखला लागेल, असं त्या म्हणाल्या. दाखला नगरपालिकेत. नगरपालिकेतले गृहस्थ म्हणाले, तळं पाणीपुरवठ्याकडे येतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले साहेब पाइप ओढत शांतपणे म्हणाले, "पाणी आमचं. त्याचा बर्फ झाला की आमचा संबंध संपतो."

"मग बर्फ कोणाचा?"

"वितळल्यावर या," ते म्हणाले.

मी स्वतः भूमापन खात्यात कारकून. लोकांना एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवण्याचं काम मी सोळा वर्षं निष्ठेनं केलेलं होतं. खिडकीच्या या बाजूला उभं राहिल्यावर ते इतकं निराळं दिसतं याची मला कल्पना नव्हती. शेवटी मी एक मासेमारीचं गिरमिट उसनं आणलं, तळ्यावर जाऊन सात भोकं पाडली, प्रत्येकात फुटपट्टी घातली आणि आकडे स्वतःच लिहून स्वतःच सही केली. तो दाखला तिन्ही कचेऱ्यांनी डोळे झाकून मान्य केला.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण आमच्या इमारतीच्या तळघरात स्कीला मेण लावायची खोली होती, आणि त्या खोलीत कोणाचंही गुपित टिकलेलं नाही. तिथं आर्नफिन बसलेले असायचे. शाळेतले निवृत्त कसरतमास्तर. आवाज अजून मैदानावरचाच. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोणाला अगदी सपाट वाट हवी असेल, तर लांगवात्न कसं?"

"कोणाला हवीय?"

"एका मित्राला."

"मित्र डेन्मार्कचा आहे का?" आर्नफिन म्हणाले, कारण डेन्मार्कात डोंगर म्हणून नाही, आणि आपल्याच विनोदावर बराच वेळ हसले. मग गंभीर झाले. "नाही, पण कल्पना वाईट नाही. सगळ्या इमारतीचीच सहल काढू. बऱ्याच वर्षांत काढली नाही. ओड्वार, तू नावं गोळा कर."

"अहो, पण मला..."

"कागद दोन रकान्यांचा कर. एकात योग्यता, दुसऱ्यात सोय. म्हणजे जागा ठरवायला बरं."

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली कागद लागला आणि चार दिवसांत त्यावर एकोणीस नावं आली. योग्यतेच्या रकान्यात एकोणीसच्या एकोणीस जणांनी 'तरबेज' लिहिलं होतं. तळमजल्यावरच्या बोर्गहिल्डबाईंनीही. त्यांनी स्कीला शेवटचा पाय लावला तेव्हा आत्ताच्या राजाचे वडील गादीवर होते. सोयीच्या रकान्यात मात्र लोकांनी मन मोकळं केलं होतं. तोंडावर ऊन हवं. बसायला जागा हवी. वॅफल मिळतील का? शौचालय किती अंतरावर? एकानं लिहिलं होतं, जाताना आणि येताना, दोन्ही वेळा वारा पाठीमागून असावा.

मी तो कागद घेऊन सासऱ्यांकडे गेलो. "बाबा, या खेपेला लांगवात्नला जायचं ठरलंय. जागा अवघड आहे."

"लांगवात्न?"

"उत्तरेकडून. वारा असतो. आडोसा नाही. दिशा चुकते माणसाची."

सासऱ्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचे डोळे निळे, अगदी फिकट. मग म्हणाले, "अवघड असेल तर जायलाच हवं." आणि आपल्या लाकडी स्कींना ओल लागू नये म्हणून डांबर फासायला अंगणात गेले. काम एवढं सहज झालं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

मार्चमधला तो रविवार उजाडला तो निळाभोर. बर्फ आधी वितळून पुन्हा गोठला होता, म्हणजे स्कीच्या तळाला वडीचं मेण चालणार नव्हतं, नळीतलं चिकट मेण लागणार होतं. ज्यांनी ते वापरलेलं नाही त्यांना काय सांगावं? ते स्कीला सोडून सगळ्याला चिकटतं. माझ्या हातमोज्याला लागलं, हातमोज्यानं मी दार उघडलं, दाराला टेकून बोर्गहिल्डबाई उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या पाठीवर बसमध्ये कोणाचं तरी वर्तमानपत्र चिकटलं ते दिवसभर तिथंच राहिलं. मागे बसलेल्यांनी हवामानाचा अंदाज त्यावरूनच वाचला.

उत्तर टोकाला बस थांबली. मी पहिला उतरलो आणि जागीच खिळलो.

समोर पाटी होती. नवी कोरी, हिरवीगार, दाराएवढी. तिच्यावर टोपी घातलेला ससा. या सशाला त्यांनी गळपट्टाही दिला होता. क्लबच्या बाईंनी माझा अर्ज मनावर घेतला होता. खाली लिहिलं होतं: 'सुरुवात करायला उशीर कधीच होत नसतो.'

सासरे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ससा त्यांच्या बरोबर समोर होता. नळीतूनही दिसावा असा.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"सैन्याची खूण आहे," मी म्हणालो. तोंडातून काय बाहेर पडतंय ते मलाच ऐकू येत नव्हतं. "धोक्याची जागा."

"टोपी घातलेला ससा?"

"हिवाळी सराव असतो त्यांचा."

सासऱ्यांनी काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवले. "मग जपून जायला हवं," ते म्हणाले, आणि निघाले.

ते कसे गेले, ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. पहिली पन्नासेक पावलं थोडी अडखळत, काठीनं खाचेची कड चाचपत. मग पायांना खाच सापडली. बर्फात कोरलेल्या दोन सरळ रेघा. झाड नाही, दगड नाही, कडेला बघायची गरजच नाही. म्हाताऱ्याची पाठ सैल झाली, पावलं लांबली, आणि टपालाची पिशवी पाठीवर असावी तसे किंचित पुढे झुकून ते त्या पांढऱ्या पटांगणावर एका लयीत घसरत गेले. इंगून माझ्या बाजूला उभी होती. तिनं माझा हातमोज्यातला हात धरला, आणि मग तो सुटेना, कारण मेण.

त्या भरात मी एक चूक केली. सगळ्यांना मागे टाकून सासऱ्यांना गाठावं म्हणून खाच सोडून बाजूच्या कोऱ्या बर्फात शिरलो. वरून कोरा, खालून चिखल. बर्फाच्या थराखाली पाणी साचलेलं होतं. मी पाणीपुरवठ्याच्या हद्दीत गेलो. पाय बाहेर काढला तर ओली स्की हवेत आली आणि क्षणात गोठली. दुसरी काढली, तीही. बघता बघता माझ्या दोन्ही पायांखाली वीतभर जाडीचे बर्फाचे ओंडके तयार झाले आणि मी त्या सपाट तळ्यावर सर्वांपेक्षा उंच होऊन निश्चल उभा राहिलो. जागचा हलता येईना.

इमारतीतली माणसं माझ्या शेजारून एकेक करून गेली. आमच्याकडे संकटातल्या माणसाला लाजवू नये म्हणून त्याच्याकडे न बघण्याची रीत आहे. सतरा जण तोंड वळवून, डोंगराची शोभा बघत गेले. बोर्गहिल्डबाई तेवढ्या म्हणाल्या, "छान उंच वाटतोस रे."

परत आले ते सासरे. खाच धरून, काठीनं अंदाज घेत. माझ्यापाशी पोचल्यावर गुडघ्यावर बसले, कमरेचा सुरा काढला आणि माझ्या स्कीवरचा बर्फ खरवडू लागले. बघत नव्हते. हातमोजा काढून उघड्या बोटांनी लाकडाची कड शोधत होते आणि त्या कडेनं सुरा चालवत होते. बोटं लालबुंद झाली होती.

"बाबा, राहू द्या, मी करतो."

"गप उभा राहा. वाकलास तर पडशील."

तळ्याच्या मध्यावर एका बेटावर शेकोटी पेटली. सॉसेज भाजले गेले, संत्री सोलली गेली, पावावर तपकिरी चीजचे काप आले. वॅफल नव्हते आणि त्यावरून मला तीन जणांनी विचारलं. ऊन तोंडावर होतं. सासरे हरणाच्या कातड्यावर टेकून बसले होते, चेहरा उन्हाकडे करून. सगळं जमलं होतं. आणि तेवढ्यात आर्नफिनना कंठ फुटला.

"पण एंगेब्रेट," ते साऱ्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझ्यासारखा माणूस या ससुल्यांच्या वाटेवर? आम्ही ठीक आहोत रे. पण तू? ही जागा ठरवली कोणासाठी?"

सासऱ्यांचं संत्रं हातात तसंच राहिलं. त्यांनी मान वळवली, आवाजाच्या दिशेनं, आणि त्यांची नजर आर्नफिनच्या कानाजवळून कुठेतरी पलीकडे गेली. आणखी एक क्षण गेला असता तर कोणाच्या तरी ते लक्षात आलं असतं.

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

"काय?"

"जागा माझ्यासाठी ठरवली. मला उताराची भीती वाटते. मी पाद्रीबाबाची उडी आजपर्यंत एकदाही स्कीवर उतरलेलो नाही. बंद बांधत बसतो आणि मग चालत येतो."

आमच्या गावात भर माणसांत असं कोणी म्हणत नाही. चोरी कबूल करतील. मी खाली मान घालून लोक हसण्याची वाट पाहत राहिलो. आणि कोणी हसलंच नाही.

"ते माहीतच आहे सगळ्यांना," आर्नफिनची बायको गुद्नी शांतपणे म्हणाली. "तू चालताना वरच्या घरांतून दिसतोस ना. पण बोललास ते बरं केलंस. हा माझा नवरा गेली सहा वर्षं ती उडी ढुंगणावर बसून उतरतोय."

"गुद्नी!"

"विजारी मी शिवते, मला नको सांगू."

मग मात्र असा हशा उसळला की बेटावरचे कावळे उडाले. बोर्गहिल्डबाईंनी जाहीर केलं की त्यांना स्की कधी येतच नव्हती, आज त्या काठ्यांनी स्वतःला ढकलगाडीसारखं ढकलत आल्या होत्या. एकेकाचं बाहेर पडू लागलं. कोणाचा गुडघा, कोणाची चक्कर, कोणी नुसताच भित्रा. आर्नफिन थोडा वेळ रुसून बसले आणि मग दोन सॉसेज जास्त खाल्ले.

परतताना मी आतून फार मोठा झालो होतो. सासऱ्यांची लाज मी आपल्या अंगावर घेतली होती. एवढा त्याग केल्यावर माणसाला वाटतंच, की निदान बायकोनं काही म्हणावं. घरी पोचलो, इंगून भांडी विसळत होती. मी म्हणालो, "पाहिलंस ना, मी कसं सांभाळून घेतलं?"

ती हसायला लागली. हसता हसता बशी ठेवून खुर्चीत बसली.

"अरे, बाबांनी मला पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. म्हणाले, 'ओड्वारला उतार झेपत नाही बिचाऱ्याला. आता तळ्यावर जायचं म्हणतोय, जागा अवघड आहे असं सांगतोय. त्याला हो म्हणू या. आपल्याला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस.'"

"म्हणजे ससा..."

"आज तुझं ते सैन्याच्या सशाचं ऐकून तर त्यांना रडू यायचं बाकी होतं. म्हणाले, 'किती धडपडतो पोरगा.'"

एवढं थोर खोटं मी बोललो होतो, आणि सासऱ्यांनी ते जुनी बातमी म्हणून ऐकलं होतं. "मग त्यांना खरं सांग ना," मी म्हणालो.

"काय सांगू? की तुमच्या डोळ्यांचं मी ओड्वारला सांगून टाकलं?"

मी फडकं घेतलं आणि भांडी पुसू लागलो.

त्यानंतर आठ हिवाळे आम्ही दोघं दर रविवारी लांगवात्नला गेलो. ते माझ्यासाठी येत, मी त्यांच्यासाठी. आर्नफिन कधीमधी यायचे. माझी सपाटीवरची चाल बरीच सुधारली. सासऱ्यांनी तिचं श्रेय स्वतःच्या चिकाटीला दिलं. नळी दर वर्षी अरुंद होत गेली. चौथ्या-पाचव्या हिवाळ्यात त्यांनी रीत बदलली. खाचेत उभं राहताना म्हणाले, "ओड्वार, आजपासून तू पुढे हो. मागे पडलास तर मला कळणार नाही."

मी पुढे झालो. आणि माझ्या लक्षात आलं की मी गप्प राहिलो की मागच्या स्कींचा आवाज मंदावतो, चाचपडतो. बोलायला लागलो की पुन्हा लयीत येतो. तेव्हापासून मी बोलत चालायला लागलो. सहा किलोमीटर जायचे, सहा यायचे. कचेरीतल्या फायली, बर्गनचा पाऊस, इंगूनच्या तक्रारी, कोणाच्या जमिनीची कुठली हद्द कुठून वळते, जे सुचेल ते, मान न वळवता, मोठमोठ्यानं. घसा कोरडा पडायचा. दम लागायचा.

आणि मागून, अगदी स्कीच्या लांबीएवढ्या अंतरावरून, ते म्हणायचे, "अरे, दम लागत असेल तर बोलू नकोस. हळू जाऊ. मला काही घाई नाही."